एका वायरवर किती जण

घरात वायफाय बसवायचं काम आता अर्ध्या तासाचंही उरलेलं नाही. कंपनीची वायर खिडकीच्या ग्रिलमधून आत येते, राउटरच्या वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये बसते, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा तसाच एखादा आकडा टाकला की एक पान उघडतं, त्यात कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड भरायचा, घरच्या नेटवर्कला नाव द्यायचं, त्याला पासवर्ड लावायचा आणि झालं. पुष्कळदा तेवढंही घरच्यांना करावं लागत नाही. वायर ओढायला आलेला मुलगाच जाता जाता करून देतो. या सोपेपणाखाली एक जुना वाद दबलेला आहे. एक जोडणी म्हणजे नेमकी कोणाची जोडणी: एका यंत्राची, एका माणसाची, की एका घराची? कंपन्यांना ती यंत्राची हवी होती, सरकारला आणि पोलिसांना माणसाची. घरांनी मात्र दोघांनाही न विचारता ती घराची करून टाकली. आपल्याकडच्या घरगुती वायफायचा इतिहास म्हणजे मुख्यतः या ओढाताणीचा इतिहास, असं माझं म्हणणं आहे. रेडिओलहरी, चिप आणि अँटेना यांचं कौतुक त्यात येतं, पण नंतर. वर सांगितलेल्या पानावरची जवळजवळ प्रत्येक चौकट या ओढाताणीतून आलेली आहे आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिचा माग बराच स्पष्ट लागतो.

हा वाद इंटरनेटबरोबर जन्मलेला नाही. टेलिफोन खात्याच्या काळात घरात दुसरं यंत्र हवं असेल तर ते एक्सटेन्शन म्हणून रीतसर मागावं लागे आणि त्याचं भाडं वेगळं पडे. वायर तीच, नंबर तोच, तरीही. रेडिओसाठी तर ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागत होतं, कारण १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा होता. पण सगळ्यात उपयोगी धडा दिला तो केबल टीव्हीने. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध पेटलं, त्याच वर्षी स्टार आला, १९९२ च्या ऑक्टोबरात झी आला, आणि गच्चीवर डिश लावून इमारतीतून इमारतीत कोॲक्शिअल वायर टाकणारा केबलवाला गल्लोगल्ली उभा राहिला. कायदा आला १९९५ मध्ये, तोही मुख्यतः पोस्टात नोंदणी करायला लावणारा. वायरी त्याआधीच टाकून झाल्या होत्या. या धंद्यात एका घराला एक पॉइंट असा हिशोब होता. घरात दुसरा टीव्ही आला की केबलवाला आणखी पैसे मागे, आणि घरातला हुशार मुलगा इलेक्ट्रिकच्या दुकानातून स्प्लिटर आणून तीच वायर बेडरूममध्ये नेई. चित्राला थोड्या मुंग्या येत, तेवढं चालत असे. हा झगडा इतका चिवट निघाला की २०२० च्या दरनियमांत दूरसंचार नियामक ट्रायला सांगावं लागलं, की एकाच घरातल्या दुसऱ्या आणि पुढच्या टीव्हीसाठी नेटवर्क शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांहून अधिक घेता येणार नाही. म्हणजे वायर आणि तिच्या टोकाचं यंत्र यांची गल्लत करून पैसे घेण्याची रीत आपल्याला चांगली परिचयाची होती, आणि ती मोडण्याचीही.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा हा प्रश्न उद्भवायचं कारणच नव्हतं. मॉडेम संगणकाला जोडलेला, संगणक फोनच्या लाइनला, आणि नेट चालू असेपर्यंत फोन बंद. घरात संगणक असलाच तर एकच. पैसे तासांवर. १९९८ च्या नोव्हेंबरात धोरण बदललं, खासगी कंपन्या आल्या, दर कोसळले, तरी जोडणीचं एकक तेच राहिलं: एक लाइन, एक यंत्र, एक बसलेला माणूस. वाटून वापरायचं तर सायबर कॅफे होता.

खरी गोष्ट सुरू होते ती २००० नंतर, मुंबईच्या गच्च्यांवर. टेलिफोनची तांब्याची जोडी सरकारी कंपनीच्या ताब्यात होती; नव्या कंपन्यांना घरापर्यंत पोचायला दुसरा रस्ता हवा होता. तो केबलवाल्याकडे होता. हॅथवेसारख्यांनी टीव्हीच्याच कोॲक्शिअल वायरीवरून केबल मॉडेम चालवले. सिफीसारख्यांनी आणि कितीतरी स्थानिक कंपन्यांनी केबलवाल्याला हाताशी धरून संगणकाच्या जाळ्याची निळी-करडी वायर, म्हणजे लॅन केबल, थेट इमारतींवरून फिरवली. ही वायर कार्यालयाच्या आत वापरण्यासाठी बनलेली. तिची एका टप्प्याची मर्यादा १०० मीटर. म्हणून दर दोन-चार इमारतींनंतर गच्चीवर किंवा जिन्याखाली पत्र्याच्या पेटीत एक स्विच, त्याला सोसायटीच्या मीटरमधून वीज, आणि पावसाळ्यात वीज पडली की एका ओळीतले चार स्विच एकदम जळायचे. कागदावर हे काही फारसं भूषणावह जाळं नव्हतं. पण ते घरात पोचलं, आणि घरातल्या संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये सरळ जाऊन बसलं. मधे मॉडेम नाही, डायल करणं नाही. पुढे वायफायची सोय झाली ती याच गोष्टीमुळे: घरात आलेली वायर जर साधी लॅन केबल असेल, तर तिच्या आणि संगणकाच्या मधे कोणताही डबा बसवता येतो.

कंपन्यांना ही अडचण लवकर कळली असावी, कारण त्यांनी जोडणी यंत्राशी जखडून टाकली. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक बारा अक्षरी पत्ता मिळतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. कनेक्शन घेताना तो लिहून घेतला जाई आणि कंपनीचा सर्व्हर फक्त त्याच पत्त्याला दार उघडी. कार्ड जळलं, संगणक बदलला, भावाचा लॅपटॉप लावून पाहिला, की नेट बंद. मग केबलवाल्याला फोन, त्याचा कंपनीला फोन, आणि नवा पत्ता चढेपर्यंत वाट. शिवाय अनेक ठिकाणी ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडून ठेवावं लागे किंवा संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम चालू ठेवावा लागे. यात निव्वळ लोभ होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्या गच्चीवरच्या जाळ्यात सगळी इमारत एकाच स्विचला लटकलेली होती. कोणीही वायर खोचून फुकट नेट घेऊ शकला असता, आणि मॅक पत्ता हेच हाताशी असलेलं सर्वांत स्वस्त कुलूप होतं. पण या कुलपाचा दुसरा परिणामही कंपन्यांना गैरसोयीचा नव्हता: घरातल्या दुसऱ्या संगणकासाठी दुसरं कनेक्शन. एका यंत्रामागे एक जोडणी, ही टेलिफोनच्या एक्सटेन्शनची आणि केबलच्या दुसऱ्या टीव्हीचीच गोष्ट पुन्हा सुरू झाली होती.

सरकारी बाजूने दार उघडलं ते २००४-०५ मध्ये. ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटलं आणि २०१० पर्यंत दोन कोटी जोडण्यांचं लक्ष्य ठेवलं. ट्रायने त्याच वर्षी सुचवलं होतं की सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या वायरी इतर कंपन्यांनाही भाड्याने वापरू द्याव्यात. धोरणाने ते सक्तीचं केलं नाही, परस्परांच्या संमतीवर सोडलं, आणि संमती अर्थातच फारशी झाली नाही. २०१० संपताना देशात ब्रॉडबँड जोडण्या होत्या एक कोटी दहा लाखांच्या घरात. तरी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलचं ट्रायबँड सुरू झालं, आणि जुन्या फोनच्या वायरीवर एडीएसएल मॉडेम बसले. फोनसाठी एक छोटा स्प्लिटर, मॉडेमवर लुकलुकणारे दिवे, आणि एक्स्चेंज लांब असेल तर रडणारा वेग. महिन्याला वापर काही शेकडो एमबी ते एक-दोन जीबीपर्यंत. त्यापुढे दर एमबीला पैसे. बीएसएनएलच्या एका गाजलेल्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत होता, आणि त्या सहा तासांसाठी डाउनलोड लावून झोपणाऱ्यांची एक अख्खी पिढी महाराष्ट्रात तयार झाली.

या मॉडेममध्ये एक निवड दडलेली होती. बहुतेक घरांत ती कळलीही नाही. ग्राहकाची ओळख पटवायला कंपन्या पीपीपीओई नावाची पद्धत वापरत होत्या, १९९९ मध्ये ठरलेली; डायल-अपच्या काळातली नाव-पासवर्ड देऊन आत शिरण्याची रीत तिने लॅन केबलच्या जगात आणली. आता हे नाव आणि पासवर्ड ठेवायचं कुठे? मॉडेम ब्रिज मोडमध्ये असेल तर संगणकाने डायल करायचं, म्हणजे ग्राहक कोण, तर संगणक. मॉडेम राउटर मोडमध्ये असेल तर नाव-पासवर्ड मॉडेमच्याच पोटात. तो रात्रंदिवस जोडलेला, आणि त्याच्यामागे घरात काय काय आहे ते कंपनीला दिसत नाही. ग्राहक कोण? तो डबा, म्हणजे पर्यायाने घर. एका पानावरची ही एक खूण इकडून तिकडे केली की जोडणीचा मालक बदलत होता. आणि ही खूण बदलायला कोणाच्या परवानगीची गरज पडत नव्हती.

डब्यामागे कितीही यंत्रं लपू शकतात ही किमया ज्या युक्तीने होते ती घरांसाठी शोधलेलीच नव्हती. इंटरनेटचे पत्ते संपत आले आहेत ही काळजी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तज्ज्ञांना लागली, आणि १९९४ मध्ये पत्ता बदलून देण्याची पद्धत, म्हणजे नॅट, तात्पुरता उपाय म्हणून मांडली गेली: आतल्या अनेक यंत्रांना आतले खासगी पत्ते, आणि बाहेर जाताना सगळ्यांच्या वतीने एकच सार्वजनिक पत्ता. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे असेच खासगी वापरासाठी राखून ठेवलेले. तात्पुरता उपाय तीस वर्षं टिकला आणि घरगुती राउटरच्या प्रत्येक डब्यात बसला. मॅक पत्त्याचं कुलूपही याच पानावर उघडत होतं. राउटर बनवणाऱ्यांनी सेटिंगमध्ये मॅक क्लोन नावाचं बटण दिलं. ते दाबलं की राउटर कंपनीला जुन्या संगणकाचाच पत्ता दाखवू लागे. पुण्या-मुंबईत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दुकानांतली पोरं हे बटण डोळे मिटून दाबत. केबलवाल्यांनाही ते माहीत होतं, आणि माझा कयास आहे की बहुतेकांनी त्याकडे काणाडोळा केला, कारण गिऱ्हाईक कंपनीचं नव्हे, त्यांचं होतं, आणि समोरच्या गल्लीतला दुसरा केबलवाला टपून बसलेला होता.

वायरीच्या पलीकडची, हवेतली सोय याच सुमारास झाली. ती शोधाने झाली त्यापेक्षा परवान्याची अट काढल्यामुळे अधिक. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ९ मे १९८५ रोजी, मायकेल मार्कस नावाच्या अभियंत्याच्या आग्रहावरून, मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या यंत्रांसाठी सोडलेल्या, म्हणजे जवळजवळ टाकाऊ समजल्या गेलेल्या पट्ट्यांत विनापरवाना संदेशवहनाला मुभा दिली. ८०२.११ हे प्रमाण १९९७ मध्ये ठरलं, १९९९ मध्ये ते ११ एमबीपीएसपर्यंत पोचलं आणि त्याच वर्षी त्याला वायफाय हे बाजारू नाव मिळालं. भारतात मात्र १९३३ चा कायदा उभाच होता. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीत कमी शक्तीची यंत्रं परवान्याशिवाय वापरायची सर्वसाधारण मुभा देणारी अधिसूचना निघाली २८ जानेवारी २००५ रोजी, म्हणजे सरकारी ब्रॉडबँड सुरू झालं त्याच महिन्यात. दोन खात्यांनी ठरवून हा योग जुळवला असेल असं मानायला मला आधार दिसत नाही. पण परिणाम झाला तो असा की तारेची घाऊक विक्री सुरू होते न होते तोच हवेचाही किरकोळ वापर मोकळा झाला. ५ गिगाहर्ट्झची पट्टी तेव्हा फक्त चार भिंतींच्या आत आणि काही भागापुरतीच मोकळी झाली. तिचा मोठा भाग बाहेरच्या वापरासह सुटायला २०१८ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. तोवर शहरांतल्या इमारतींत २.४ च्या तीन मोकळ्या चॅनेलांवर, एक, सहा आणि अकरा, सगळ्या मजल्यांची गर्दी झालेली होती.

यावर एक आक्षेप सरळ आहे. हा सगळा वाद-बिद कशाला; लॅपटॉप स्वस्त झाले, मग स्मार्टफोन आले, त्यांना वायर लावायला भोकच नाही, म्हणून वायफाय आलं, एवढंच. यात तथ्य आहे, आणि ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. स्मार्टफोनला लॅनचं पोर्ट नव्हतं म्हणूनच मॅक पत्त्याच्या वहीत त्याची नोंद करणं कंपन्यांना अवघड होऊन बसलं. एका घरातली चार यंत्रं रोज बदलत असतील तर यंत्रामागे जोडणी विकण्याचा धंदा चालत नाही. पण यंत्र स्वस्त होणं पुरेसं नव्हतं. अमेरिकेत ॲपलने १९९९ मध्येच लॅपटॉपबरोबर वायफायचा घरगुती डबा विकायला काढला होता; मुंबईत २००८ मध्येही असंख्य घरांत एकच संगणक आणि त्याच्यामागे घट्ट बसलेली एकच निळी वायर होती. मधल्या वर्षांत इथे बदलायला हवं होतं ते तंत्र कमी आणि कनेक्शनबद्दलची समजूत अधिक. मोजून दिलेले एमबी असेपर्यंत वाटून घेणं महाग होतं. अमर्याद वापराचे प्लॅन पसरले तसा राउटर घराघरांत गेला. समजूत बदलली ती दरपत्रकातून.

सरकारला हा बदल कळला तो एका भीषण प्रसंगातून. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांना इंडियन मुजाहिदीनच्या नावाने ईमेल आला. त्याचा आयपी पत्ता नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन नागरिकाच्या घरी निघाला. त्याचं वायफाय उघडं होतं, आणि ईमेल पाठवणाऱ्यांनी ते बाहेरून वापरलं होतं, असं तपासात पुढे आलं. ऑगस्टमध्ये दुसरा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला, आणि १३ सप्टेंबरला दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा चेंबूरच्या एका कंपनीच्या जाळ्यावरून. तीनही वेळा पत्ता बरोबर होता आणि माणूस चुकीचा. पोलिसांच्या तपासाची सवय टेलिफोनवर घडलेली होती: नंबर मिळाला की नाव मिळतं. इथे नंबर एका डब्याचा होता, आणि डब्यामागे घरचे, पाहुणे, शेजारी आणि खाली गाडी लावून बसलेला कोणीही असू शकत होता. जोडणी घराची झाली आहे हे सिद्ध करायला यापेक्षा ठोस पुरावा मिळणार नाही. तो दुर्दैवाने गुन्हेगारांनी दिला.

त्यावरचं उत्तर दोन पातळ्यांवर आलं. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांची पथकं लॅपटॉप घेऊन रस्त्यांवर उघडी वायफाय जाळी शोधत फिरतील अशी घोषणा झाली. २३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांना सूचना पाठवल्या, त्यांचा रोख असा की ग्राहकांची वायफाय जाळी उघडी राहू नयेत, त्यांची माहिती कंपनीकडे असावी, आणि वापरणाऱ्याची ओळख मध्यवर्ती पद्धतीने पटवली जावी. हॉटेल, विमानतळ आणि कॅफे इथे याचा अंमल झाला. मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, मग नेट, ही आजची रीत त्याच विचारातली. घरात मात्र तो विचार टिकला नाही. आईच्या फोनसाठी वेगळा आयडी, आजोबांच्या टॅबसाठी वेगळा, पाहुण्याला तात्पुरता, असं कोणत्या घरात चालणार होतं? उरला तो फक्त पासवर्ड लावण्याचा भाग, आणि तो राउटर बनवणाऱ्यांनी सोपा केला: डब्याच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावर छापून. जुनी डब्ल्यूईपी पद्धत २००१ मध्येच फुटलेली होती आणि तिच्या जागी २००४ पासून डब्ल्यूपीए२ होती, तरी २००८ पर्यंत घरांना कुलूप लावण्याची गरज वाटली नव्हती. ती गरज सानपाड्यानंतर वाटली. म्हणजे सरकारला हवी होती प्रत्येक माणसाची ओळख, आणि मिळालं काय, तर घराच्या दाराला एक कडी. माझ्या मते हा तोडगा वाईट नव्हता; पण तो तोडगा होता, आणि त्याला तसंच म्हटलं पाहिजे.

घर हा शब्द आपण इथे फार भाबडेपणाने वापरत आहोत, असाही आक्षेप निघेल, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. घर म्हणजे काही समान वाटणी नव्हे. पासवर्ड कोणाकडे असतो, राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी असतो की थोरल्या मुलाच्या खोलीत, परीक्षेच्या दिवसांत रात्री दहाला त्याची पिन कोण काढतं, स्वयंपाकघरापर्यंत रेंज पोचते की आरसीसीच्या दोन भिंतींतच संपते, या गोष्टी घरातली उतरंड दाखवतात. जोडणी घराची झाली याचा अर्थ ती घरातल्या प्रत्येकाची झाली असा नाही. पण एक फरक पडलाच. संगणकाशी जखडलेली जोडणी ज्याचा संगणक त्याची होती, आणि तो बहुधा मुलगा किंवा वडील. वायफायमुळे तिथे ज्याच्या हातात यंत्र आहे तो शिरू शकला, मग ते यंत्र जुना, काच तडकलेला, सिम नसलेला फोन का असेना. कंपनीच्या वहीत यातल्या कोणाचंही नाव नव्हतं, आणि माझ्या मते ते नसणं हीच त्यांची सोय होती. उतरंड गेली नाही, पण तिला कंपनीच्या कुलपाचा आधार राहिला नाही.

मोबाइल डेटाने तर हा सगळा प्रश्नच निकालात काढला, असं कोणी म्हणेल. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आला आणि जोडणी पुन्हा माणसाची झाली: एक सिम, एक नाव, एक आधार. देशातल्या ब्रॉडबँड ग्राहकांपैकी बहुसंख्य आजही मोबाइलवरचेच आहेत, आणि मार्च २०२० मध्ये वायरीवरच्या जोडण्या दोन कोटींच्या आसपासच होत्या. त्याच महिन्याच्या शेवटी टाळेबंदी लागली, आणि एकाच वेळी शाळा, कचेरी आणि करमणूक एका घरात येऊन बसली. दोन मुलांचे ऑनलाइन वर्ग आणि बापाची मीटिंग मोबाइलच्या दिवसाच्या दीड जीबीत बसेना. पुढच्या चार वर्षांत वायरीवरच्या जोडण्या दुपटीने वाढून चार कोटींच्या घरात गेल्या. मोबाइलने घराची जोडणी संपवली नाही; कशासाठी घराची जोडणी लागते ते त्याने दाखवून दिलं. ही नवी वाढ झाली ती फायबरवर, आणि गंमत म्हणजे ते फायबर निमशहरांत आणि तालुक्याच्या गावांत ओढणारा माणूस पुष्कळदा जुना केबलवालाच आहे. टीव्हीचं उत्पन्न आटल्यावर तो बीएसएनएलसारख्या कंपन्यांचा भागीदार झाला, त्याच खांबांवरून, त्याच झाडांना वळसे घालून. एका फायबरमधून स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरं जोडायची, हे काम त्याला कोणी शिकवावं लागलं नाही.

फायबरबरोबर डबाही कंपनीचा झाला आहे. घरात बसवलेलं ओएनटी यंत्र मॉडेम, राउटर आणि वायफाय तिन्ही असतं, कंपनी दुरून त्याचं सॉफ्टवेअर बदलू शकते, आणि तिच्या ॲपमध्ये घरातल्या जोडलेल्या प्रत्येक फोनची यादी दिसते. नॅटमागे लपण्याची जुनी सोय इथे अर्धीमुर्धीच उरली. दुसऱ्या बाजूने पत्त्यांची टंचाई इतकी वाढली की कंपन्या आता स्वतःच अनेक घरांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. २००८ मध्ये पत्त्यावरून निदान घर तरी सापडत होतं, आज नुसत्या पत्त्यावरून गल्लीही सापडत नाही. तपासयंत्रणांना नेमकी वेळ आणि पोर्टचा क्रमांक लागतो, आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून कंपन्यांना अशा नोंदी एकाऐवजी दोन वर्षं सांभाळायला सांगितलं गेलं. पत्त्यांचा हा तुटवडा आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत संपवते, आणि ती वापरण्यात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. तिच्यात प्रत्येक यंत्राला पुन्हा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, म्हणजे यंत्रागणिक तीच ओळख, जिच्यासाठी केबल कंपन्या एकेकाळी मॅक पत्ते वहीत उतरवून घेत होत्या. पण कंपनी हे पत्ते एकेका यंत्राला मोजून देत नाही. ती पत्त्यांचा एक अख्खा गट राउटरच्या हवाली करते, त्यातले आकडे यंत्रं आपापसांत घेतात आणि मधूनमधून बदलतातही, आणि महिन्याचं बिल येतं ते वेगावर. यंत्रं किती, हा रकाना त्यात नसतो.